डीजे आपला, मग माईक दुसऱ्याचा का?



एप्रिल जवळ आला की बोईसर, पालघर, तारापूर पट्ट्यातल्या वस्त्यांमध्ये वर्गणीची पावतीपुस्तके निघतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, यंदा डीजे कोणाचा? किती बेस, किती लाईट, शेजारच्या मंडळापेक्षा मोठा की नाही? पैसा कंपनीत बारा-बारा तास उभे राहणाऱ्या कामगाराच्या खिशातून येतो. एका रात्रीत तो हवेत विरतो. दुसऱ्या दिवशी उरतात बसलेले कान आणि मोबाईलमधले पंधरा-वीस सेकंदांचे तुकडे.

जयंती जोरात करू नका, असे आम्ही म्हणत नाही. आमचा सवाल वेगळा आहे. एवढा आवाज विकत घेणाऱ्या समाजाकडे स्वतःचा आवाज नोंदवून ठेवायला एक धड माईक का नसावा? वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांनी धम्मदीक्षेचे दिवस पाहिले, नामांतराची आंदोलने पाहिली, गाव सोडून एमआयडीसीत येणे पाहिले. त्यांची सविस्तर मुलाखत कोणाकडे आहे? तारापूर अणुऊर्जा प्रकल्पाच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. तिथल्या भूमिहीनांचे काय झाले, हे त्यांच्याच तोंडून ऐकायचे तर कोणत्या कपाटात शोधायचे? आणि आज मुरबे गावाच्या दारात बंदर येऊन उभे आहे, तेव्हा तिथल्या माणसांचे म्हणणे पूर्ण, न कापता, कोण साठवून ठेवणार?

आमचे म्हणणे सरळ आहे. ध्वनी आणि चित्रफीत तयार करण्याची साधने, ती चालवण्याचे कसब आणि तयार झालेल्या नोंदींची मालकी, या तिन्ही गोष्टी चळवळीच्या हातात असल्या पाहिजेत. सभा, मोर्चा आणि निवेदन यांच्याइतकेच हे चळवळीचे काम आहे. हौशी पोरांचा नाद म्हणून ते बाजूला टाकता येणार नाही.

महाडनंतर चौदा दिवसांत

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले. ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला. मधले अंतर फक्त चौदा दिवसांचे. सत्याग्रह करणे जितके गरजेचे, तितकेच त्याची हकीकत आपल्या बाजूने, आपल्या शब्दांत छापणे गरजेचे आहे, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. महाडला काय घडले ते सनातन्यांच्या तोंडून जगाला कळावे, ही जोखीम त्यांनी घेतली नाही.

त्याआधी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू झाला. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. ‘केसरी’ने मात्र या पाक्षिकाची जाहिरात पैसे देऊनही छापली नव्हती. पुढे ‘बहिष्कृत भारत’चे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेबांनी एकट्याने लिहून काढले. मग ‘जनता’ आले, १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’ आले. ज्या समाजात शंभरात मोजके लोक वाचू शकत होते, त्या समाजासाठी बाबासाहेब वर्तमानपत्र चालवत होते. ‘आपली माणसे वाचतच नाहीत’ ही सबब त्यांनी कधी पुढे केली नाही. आज आपल्या प्रत्येक घरात मोबाईल आहे आणि आपण सबबी सांगतो आहोत.

न वाचणाऱ्यांसाठी जलसा होता. भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी ढोलकी घेऊन गावोगाव फिरले. आपल्या सभांपेक्षा जलशाचे काम मोठे आहे असे बाबासाहेब मानत, हे चळवळीत आजही सांगितले जाते. वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर तेच केले. त्या काळातले हेच स्वतंत्र ध्वनिमाध्यम होते. त्याला मालक नव्हता, प्रायोजक नव्हता, परवाना नव्हता.

आता उलट बाजू बघा. बाबासाहेबांनी किती सभा घेतल्या! त्यातल्या किती सभांचा आवाज आपल्यापाशी आहे? त्यांचा आवाज ऐकायचा म्हटला की आपण १९५५ च्या बीबीसीच्या मुलाखतीकडे वळतो. १५ ऑक्टोबर १९५६ चे नागपूरचे भाषण आज आपण वाचू शकतो, कारण ते ‘प्रबुद्ध भारत’ने त्याच महिन्यात छापले. जे आपल्या साधनाने नोंदवले ते आपल्या हातात राहिले. बाकीचे परक्यांच्या कपाटात आहे किंवा कुठेच नाही.

रमाबाई नगर विसरू नका

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि दहा माणसे मेली. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, म्हणून गोळीबार करावा लागला, असे पोलिसांनी सांगितले. टँकरची चित्रफीतही लोकांना दाखवली गेली. वस्तीकडे मुख्यतः माणसांच्या तोंडी साक्षी होत्या. पुढे गुंडेवार आयोगाने पोलिसांचा टँकरचा दावा मान्य केला नाही. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने जबाबदार अधिकाऱ्याला जन्मठेप सुनावली, पण त्याला जामीन मिळाला. गोळीबारानंतर चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपले आयुष्य संपवले.

आनंद पटवर्धन यांनी या सगळ्याचा मागोवा चौदा वर्षे घेतला. २०११ मध्ये ‘जय भीम कॉम्रेड’ आला. त्या माहितीपटाबद्दल आम्हाला आदर आहे. पण विचारायला हवे की, एक माणूस चौदा वर्षे कॅमेरा घेऊन फिरला नसता तर त्या वस्तीतली गाणी आणि त्या आयांचे बोलणे आज कुठे असते? समाजाची स्मृती एखाद्या चांगल्या दिग्दर्शकाच्या चिकाटीवर सोडून देता येत नाही. असे दिग्दर्शक प्रत्येक वस्तीच्या वाट्याला येत नाहीत.

बाहेरचा कॅमेरा काय बघतो

ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलॉंड्री यांनी २०१९ मध्ये माध्यमांची पाहणी केली. वृत्तपत्रे, वाहिन्या, नियतकालिके आणि संकेतस्थळे यांतली नेतृत्वाची १२१ पदे त्यांनी तपासली. त्यातली १०६ पदे उच्चजातीयांकडे होती. अनुसूचित जाती-जमातीची एकही व्यक्ती त्यांत नव्हती. एकही! आपली बातमी दाखवायची की नाही, किती सेकंद दाखवायची आणि कोणत्या मथळ्याखाली दाखवायची, हे ठरवणाऱ्या टेबलावर आपला माणूसच नाही.

पालघर जिल्ह्याने याचा अनुभव चांगलाच घेतला आहे. एप्रिल २०२० मध्ये गडचिंचले येथे तिघांची जमावाने हत्या केली. ते कृत्य भयंकर होते, त्याचे समर्थन कोणीही करणार नाही. पण मुले पळवणारे, अवयव काढणारे आल्याच्या अफवा त्याआधी गावागावांत फिरत होत्या, आणि काही वाहिन्यांनी मात्र त्या घटनेला धर्मयुद्धाचा रंग दिला. शेवटी अटक झालेल्या १०१ जणांची नावे जाहीर करून त्यात एकही मुसलमान नाही, हे राज्याच्या गृहमंत्र्यांना सांगावे लागले. त्या दिवसांत आदिवासी पाड्यांवरची माणसे काय सांगत होती, हे किती जणांनी ऐकले?

यातून दुसरा धडाही घ्या. अफवा फिरली तीही लोकांच्याच मोबाईलवरून. हातात मोबाईल आला म्हणजे माध्यम आपले झाले, असे होत नाही. तारीख, ठिकाण, बोलणाऱ्याची ओळख आणि पडताळणी नसेल तर आपणही त्यांच्याच कारखान्यातला माल वाटत असतो.

मुरब्याशी आपला काय संबंध?

हा प्रश्न आमच्याच काही कार्यकर्त्यांनी विचारला आहे. बंदर हा कोळ्यांचा प्रश्न, कोळी बघतील. आपण अॅट्रॉसिटी, शिष्यवृत्ती आणि आरक्षण बघू.

मुरबे म्हणजे सातपाटीच्या समोरचे, खाडीच्या या अंगाचे गाव. पापलेट, बोंबील, करंदी यांवर जगणारा हा किनारा. आधी नांदगावला बंदराचा घाट घातला गेला. मग वाढवण आले. १९९८ मध्ये डहाणू पर्यावरण प्राधिकरणाने नाकारलेल्या वाढवण बंदराला त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये परवानगी दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. आता मुरबे येथे जिंदाल समूहाचे बंदर प्रस्तावित आहे आणि मच्छीमार विरोधात उभे आहेत. या पट्ट्याने अणुभट्टी सोसली, तारापूर एमआयडीसीचे सांडपाणी नवापूरच्या समुद्रात जाताना पाहिले. खाडीत मासे मेल्याच्या बातम्या इथे कोणाला नव्या वाटत नाहीत.

बाबासाहेब विकासाच्या विरोधात नव्हते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी दामोदर खोऱ्यासारख्या मोठ्या योजनांचा पाया घातला. म्हणून ‘बंदर नको’ एवढीच घोषणा देऊन आम्ही थांबणार नाही. आमचा प्रश्न बाबासाहेबांच्या रीतीचा आहे. लाभ कोणाला, किंमत कोण मोजणार आणि ठरवताना कोणाला विचारले?

इथेच आवाजाची नोंद कामाला येते. भरपाई कागदावर मिळते. ज्याच्या नावे सातबारा आहे, ज्याच्या नावे होडीची नोंदणी आहे, त्याला निदान दावा तरी करता येतो. पण दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जाणारा, मासळी निवडणारी, बोंबील वाळत घालणारी, टोपली घेऊन बोईसरच्या बाजारात बसणारी, खाडीत खेकडे-निवट्या पकडून चूल पेटवणारा आदिवासी, यांच्याकडे कोणता कागद आहे? भूमिहीनाचा समुद्रावरचा हक्क कोणत्याच दप्तरात नाही. त्याचे काम, त्याची जागा, त्याची मिळकत त्याच्याच तोंडून तारीखवार नोंदवून ठेवणे, हा त्याच्यासाठी उभा करता येणारा पहिला पुरावा आहे. भूमिहीनांची बाजू मांडणे हे आंबेडकरी चळवळीचे काम नसेल, तर मग कोणाचे?

आणि हे नोंदवायला आपण जाऊ तेव्हा भाषण ठोकायला जायचे नाही. मुरब्याच्या मावशीला तिचा समुद्र आपण शिकवू नये. माईक तिच्यापुढे धरावा आणि गप्प बसावे.

जनसुनावणी आणि सरकारी कॅमेरा

२००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत एक तरतूद आहे, ती प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असली पाहिजे. जनसुनावणीच्या संपूर्ण कामकाजाचे चित्रीकरण प्रदूषण नियंत्रण मंडळाने करायचे असते आणि त्याची प्रत इतिवृत्तासोबत परवानगी देणाऱ्या यंत्रणेकडे पाठवायची असते. सुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी द्यायची असते. तरी जाडजूड अहवाल इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत फक्त सारांश, हीच रीत पडली आहे.

म्हणजे सरकारचा कॅमेरा तिथे असतोच. मग आपला का नसावा? १९ जानेवारी २०२४ रोजी वाढवणची जनसुनावणी झाली. अशा सुनावणीत कोण किती वेळ बोलला, कोणाचा माईक बंद झाला, कोणत्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, हे इतिवृत्तात दोन ओळींत उरकले जाऊ शकते. आपल्याकडे सुरुवातीपासून शेवटपर्यंतचे रेकॉर्डिंग असेल तर ते इतिवृत्ताशी ओळीने ताडून बघता येते. माहिती अधिकारात मंडळाच्या चित्रीकरणाची प्रत मागा आणि आपल्या नोंदीशी जुळवा. आमचा भर सलग रेकॉर्डिंगवर आहे. घोषणांचे तीस सेकंद सगळेच घेतात. न्यायालयात सहा तासांची कंटाळवाणी सलग फाईल कामाला येते.

हेच अॅट्रॉसिटीच्या बाबतीत. २०१५ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १५-अ नुसार या कायद्याखालच्या गुन्ह्यांच्या कामकाजाचे चित्रीकरण झाले पाहिजे. किती पीडित कुटुंबांना हे माहीत आहे? किती कार्यकर्त्यांनी त्याची मागणी लेखी केली आहे?

आपली गाणी, दुसऱ्याचा हक्क

चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर कॅसेटच्या गाड्या लागायच्या तो काळ आठवा. भीमगीतांनी घरोघर क्रांती नेली. पण कवीला काय मिळाले? गायकाला एकरकमी बिदागी, आणि रेकॉर्डिंगची मालकी कंपनीची. आज तेच गाणे आपल्या जयंतीच्या चित्रफितीत वाजले, तर चित्रफीत अडवली जाते किंवा तिच्या जाहिरातीचा पैसा भलत्याच्या खात्यात जातो. आपल्या दुःखाचे आणि आनंदाचे भाडे आपण भरतो आहोत.

आता तरी कायदा समजून घ्या. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला देण्याचा करार लेखी आणि सहीचा असावा लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा सोडून देता येणार नाही असा केला. म्हणून आपल्या तरुण रॅपरने, शाहिराने, गायिकेने कोऱ्या कागदावर सही करू नये. मंडळाने रेकॉर्डिंग केले तरी गाण्याचा हक्क लिहिणाऱ्याकडे राहील आणि चळवळीला वापराची लेखी परवानगी असेल, असा साधा कागद करावा.

‘यूट्यूबवर टाकले आहे की’ असे सांगणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की, ती कंपनीची भिंत आहे. तिथे आपण पत्रक चिकटवतो. कंपनीला वाटेल त्या दिवशी ते फाडले जाईल. पत्रक जरूर चिकटवा, पण मूळ प्रत घरात ठेवा.

बायांनी करून दाखवले आहे

हे जमेल का, असे विचारणाऱ्यांनी तेलंगणातल्या झहीराबादकडे बघावे. २००८ मध्ये तिथे संगम रेडिओ सुरू झाला. तो चालवणाऱ्या दलित स्त्रिया आहेत. बियाणे, शेती, आजारपण, गाणी, सगळे त्यांच्या बोलीत. त्याच भागातल्या शेतमजूर बायांनी कॅमेरा हाती घेऊन माहितीपट केले. बुंदेलखंडात २००२ मध्ये सुरू झालेले ‘खबर लहरिया’ आज गावोगाव चित्रफितींच्या बातम्या देते. त्यातल्या दलित स्त्री पत्रकारांवरचा माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला.

आपल्याच महाराष्ट्राचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल दिला की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यानंतर अकरा वर्षांनी, २००६ मध्ये, सामाजिक संस्थांना सामुदायिक रेडिओची दारे उघडली, तीही स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत या अटीवर. म्हणजे गाणे गा, शेतीचा सल्ला द्या, पण वस्तीवर पोलीस का आले ते स्वतः सांगू नका! या अटीविरुद्ध बोलणे हाही आपल्या लढ्याचा भाग आहे. तोवर साठवणीच्या कार्डावर, ब्लूटूथवर, विहारातल्या स्पीकरवर आपला कार्यक्रम वाजवायला कोणाचा परवाना लागतो?

कामाला लागा

डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात दोन कॉलर माईक, एक तिपाई आणि दोन हार्ड डिस्क येतात. मोबाईल आपल्याकडे आहेच. पुढच्या गोष्टी कसबाच्या आहेत.

पहिले, आवाज सांभाळा. डळमळीत चित्र लोक बघून घेतात, न ऐकू येणारे बोलणे कोणी ऐकत नाही. समुद्रावर वारा माईक खाऊन टाकतो. म्हणून माईकला स्पंज किंवा केसाळ टोपी लावा, नाहीतर भिंतीच्या आडोशाला बसा. मोबाईल फ्लाइट मोडवर टाका. सुरुवातीला तारीख, गाव आणि प्रसंग आपल्या तोंडाने बोला.

दुसरे, मूळ फाईल जपा. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान होतो आणि त्याची मूळ माहिती गळते. मूळ फाईलच्या तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या गावात ठेवा. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. अर्जुन खोतकर प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे ठणकावून सांगितले, तेव्हा जुना पुरावा कायदा लागू होता. म्हणून कोणत्या मोबाईलवर, कोणी, केव्हा रेकॉर्ड केले याची वही ठेवा.

तिसरे, माणसाची परवानगी घ्या. अत्याचारग्रस्त मुलीचा चेहरा, नाव, घर दाखवणे गुन्हा आहे आणि निर्दयपणाही. बोलणाऱ्याची नोकरी कंपनीत असेल तर फक्त आवाज घ्या, नाव वहीत ठेवा. जे रेकॉर्ड केले ते त्याला आधी ऐकवा.

चौथे, नेत्याच्या हार घालण्याचे चित्रीकरण पुरे झाले. ज्यांच्या तोंडापुढे आजवर कोणी माईक धरला नाही, तिथून सुरुवात करा. आणि कॅमेरा मुलींच्या हातात द्या. वस्तीतल्या बाया ज्या मोकळेपणाने मुलीशी बोलतील, तितक्या आपल्याशी बोलणार नाहीत.

येत्या १४ एप्रिलला प्रत्येक मंडळाने वर्गणीतला दहावा हिस्सा या कामासाठी बाजूला काढावा, हा आमचा ठराव आहे. मंडळाच्या बैठकीत तो मांडा, भांडा, मंजूर करून घ्या. मुरबे, नवापूर, नांदगाव, दांडी आणि बोईसरच्या वस्त्या यांतून पहिल्या वर्षी शंभर माणसांची साक्ष नोंदवायची, एवढेच लक्ष्य ठेवा. बंदर होवो की न होवो, उद्या कोणी म्हणाले की इथे कोणाचा विरोध नव्हता, इथे कोणी राहतच नव्हते, तर त्याच्यासमोर वाजवायला आपल्याकडे ते शंभर आवाज असतील.

जय भीम!